शाहजादीभाभीची पाठुंगळी

आष्ट्यात एस.टी. स्टँडकडून बाजाराकडे निघालं की उजव्या हाताला एक बोळ लागतो. त्या बोळाच्या तोंडाशी मौला नदाफांचा गादी कारखाना आहे. कारखाना म्हणायचं ते नावाला. एक खोली, पुढं लाकडी फळी, आत दोन शिलाई मशिनी आणि कोपऱ्यात कापूस पिंजायचं यंत्र. हे यंत्र आता महिन्यातून एखाद-दोनदाच सुरू होतं. फोमच्या तयार गाद्या आल्या तशी कापसाची गादी भरून घेणारी गिऱ्हाइकं कमी झाली, आणि तीस वर्षं कापसाच्या धुरळ्यात काढल्यानं मौलाभाईंची छाती भरली ती भरलीच. एक जिना चढले तरी त्यांना दम लागतो. श्वासाच्या औषधाचा फवारा कायम खिशात असतो. त्यामुळं दुकान आता त्यांची बायको शाहजादी चालवते. गल्लीत तिला सगळे भाभी म्हणतात, मीही म्हणतो. माझं घर दुकानाच्या समोरच आहे. पुढं जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तिनंच पायरीवर बसून मला सांगितलं, थोडं प्रांजलकडून कळलं.

शाहजादी मूळची कुंडलची. लग्न होऊन आष्ट्यात आली तेव्हा नदाफांचा धंदा फिरता होता. सुगी आटोपली की नवरा-बायको गावोगाव जायची. जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, परत भरून टाके घालायचे. मौलाभाईंच्या खांद्यावर पिंजण, हिच्या पाठीवर कापडाचं गाठोडं. त्या पायपिटीत ती एक गोष्ट शिकली. खांद्यावर ओझं घेतलं की माणूस तासाभरात वाकतं. तेच ओझं कंबरेवर बसवलं तर दिवसभर चालता येतं. गाठोडं कसं बांधायचं, गाठ कुठं यायला हवी, पाठीला काय टोचतं आणि काय टोचत नाही, हे तिच्या अंगात मुरलं होतं. त्याचा पुढं कधी उपयोग होईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये प्रांजल दुकानात आली. प्रांजल इस्लामपूरला शाळेत शिकवते. तिचा नवरा विश्वजित दूध संघाच्या प्रयोगशाळेत असतो. दोघांना डोंगराचं वेड. लग्नाआधी दोघं सगळे गड पालथे घालत होते. मुलगी झाल्यावर ओळखीच्या लोकांनी सांगितलं, झालं, आता दहा वर्षं घरात बसा. ती बसली नाहीत. आपल्यासारखीच लहान पोरंबाळं असलेली तीन-चार घरं त्यांनी गोळा केली आणि दर मे महिन्यात दोन-तीन दिवस साताऱ्याकडच्या डोंगरात जायचा नेम केला. पहाटे गारव्यात चढायचं, दुपारी झाडीत झोपायचं, ऊन उतरलं की खाली यायचं. पोरांना करवंदं तोडू द्यायची, झऱ्यात पाय बुडवू द्यायचे. जी चालतील ती चालतील, दमतील ती पाठीवर.

पाठीवर घ्यायला तिनं एक पिशवी मागवली होती. कुठल्यातरी लांबच्या देशात बनलेली, आत लोखंडी सांगाडा असलेली. तिचा एक पट्टा उसवला होता.

"भाभी, एवढं शिवून द्या," प्रांजल म्हणाली.

शाहजादीनं पिशवी उलटीपालटी करून बघितली. "देते. पर ही कुणाच्या मापाची हाय? तुमचं मालक केवढं उंच हायत?"

"पाच फूट सहा इंच."

"मग ही त्यांच्या कंबरंला लागतच नसंल. समदं वजन खांद्यावर येतंय. खांदं दुखत्यात का न्हाई त्यांचं?"

प्रांजल म्हणाली, दुखतात, पण तसं दुखायचंच असं आम्ही धरून चाललोय.

शाहजादीनं पट्टा शिवून दिला, पण ती पिशवी तिच्या डोक्यातून गेली नाही. आठ दिवसांनी तिनं स्वतःच एक शिवली. बाहेरून मंडपाचं नारंगी जाड कापड, आत फोम आणि फोमवर कापसाचा थर, म्हणजे पोराच्या मांडीला घाम धरणार नाही. कंबरेला वीतभर रुंद पट्टा, डोक्यावर उन्हासाठी टप. सांगाडा नाहीच. नातीला, तीन वर्षांच्या नूरीनला, आत बसवून ती चार दिवस गल्लीतून हेलपाटे घालत होती. आम्ही सगळे बघून हसत होतो. नूरीन मात्र उतरायला तयार होत नव्हती. शाहजादीनं त्या पिशवीला नाव दिलं, पाठुंगळी.

विश्वजितनं ती पाठीला लावून बघितली आणि तिथंच सांगितलं, मला हीच पाहिजे. तिथून सुरुवात झाली. प्रांजलच्या ओळखीतून इस्लामपूर, सांगली, पलूसकडची माणसं येऊ लागली. पाठुंगळीबरोबर ती पोरांच्या उन्हाच्या टोप्या शिवू लागली, मागं मानेवर फडकं असलेल्या. चार कोपऱ्यांना कड्या लावलेलं हलकं छत शिवू लागली, झाडांना बांधलं की खाली सावली. वर्षाला पंधरा-वीस पाठुंगळ्या जात. त्या घराला मोठाच आधार झाला. मौलाभाई बसल्या जागी कापूस निवडून देत, धागा मेणवून देत. घर पुन्हा कामाला लागलं होतं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारची सकाळ होती. शाहजादी मशिनीवर बसली होती. नव्या पाठुंगळीच्या कंबरपट्ट्याला दोन दातांचं प्लॅस्टिकचं बक्कल लावलं आणि सवयीनं दोन्ही हातांनी ओढून बघितलं. बक्कल कट्‌ करून तुटलं. दोन दातांतला एक उडून मौलाभाईंच्या पुढ्यात पडला.

तिनं दुसरं घेतलं. ते टिकलं. तिसरं टिकलं. चौथं ओढताना त्यावर एक पांढरी रेघ उमटली, आणि पुन्हा ओढल्यावर तेही गेलं.

ही बक्कलं नवीन होती. जुन्या व्यापाऱ्याकडचा माल संपला होता म्हणून पंधरा दिवसांपूर्वी दुसरीकडून घेतलेली. रंग तोच, आकार तोच. आधीची दोन वर्षं वापरलेली बक्कलं कधी तुटली नव्हती, म्हणून ही तिनं ओढून तपासली नव्हती. लावत गेली. या मालातल्या चार पाठुंगळ्या आठवड्याभरात गेल्या होत्या.

"आवं," ती मौलाभाईंना म्हणाली, "चार घरची पोरं हायत."

मौलाभाईंनी तुटलेला दात हातात घेतला, खिडकीजवळ जाऊन बघितला. "फोन लाव आधी," ते म्हणाले.

पहिला फोन सांगलीच्या उदयसिंहांना. ते घरीच होते. पाठुंगळी कपाटावर होती, अजून वापरलीच नव्हती. शाहजादी म्हणाली, वापरू नका, मी बदलून देते. दुसरा फोन कुंडलच्या आकाराम मास्तरांच्या मुलीला. तिनंही अजून पोराला आत बसवलं नव्हतं. दोन घरं सुटली. शाहजादीचा अर्धा जीव भांड्यात पडला.

उरलेली दोन घरं एकत्रच होती. एक विश्वजित आणि प्रांजल. आधीची पाठुंगळी त्यांनी प्रांजलच्या धाकट्या बहिणीला दिली होती आणि स्वतःसाठी नवी घेतली होती. दुसरं घर इस्लामपुरात औषधाचं दुकान असलेल्या फरदीनचं. तो आणि त्याची बायको मदिहा दीड वर्षाच्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच डोंगरात निघाले होते. चौघं शुक्रवारीच मेढ्याला गेले होते. पाठुंगळी न्यायला आली तेव्हा प्रांजलनं बेत सांगितला होता. मेढ्याच्या वरच्या एका वस्तीवर हरणाबाईंच्या घरी मुक्काम, शनिवारी पहाटे सहाला निघून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या मोकळ्या कातळावर, दिवसभर देवराईत, आणि चारला उतरायला सुरुवात. वर रेंज नसते हेही ती हसत हसत म्हणाली होती.

शाहजादीनं चौघांचे फोन लावले. चारही बंद. आकाराम मास्तरांच्या मुलीनं हरणाबाईंचा नंबर शोधून दिला, तोही बंद. आदल्या संध्याकाळी वळवाच्या वाऱ्यानं तिकडची लाइट गेली होती आणि टॉवर बंद पडला होता, हे नंतर कळलं.

मुलगा तौसीफ पहिल्या पाळीला कामावर होता. त्यानं फोनवर सांगितलं, "अम्मी, संध्याकाळपर्यंत थांब. खाली आले की त्यांना रेंज येईल."

"उतरतानाच वजन जास्त पडतंय रं," शाहजादी म्हणाली. "खाली आल्यावर सांगून काय करू?"

घड्याळात साडेआठ झाले होते. तिनं पिशवीत जुन्या मालातली उरलेली पाच बक्कलं टाकली, पट्ट्याचं भेंडोळं, कात्री, दाभण, मेणवलेला धागा. मौलाभाई चप्पल घालून दारात उभे होते.

"तुमी कुठं?"

"तू एकटी कुठं जाणार? मेढा बघितलायस का कवा?"

तिनं मेढाच काय, कुठलाच डोंगर चढून बघितला नव्हता. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात तिचं सगळं चालणं सपाटीवरचं, उसाच्या आणि हळदीच्या रानातून.

इस्लामपूरला बस बदलली, साताऱ्याला पुन्हा बदलली. तिनं मला सांगितलं, त्या प्रवासात तिला बाहेरचं काही दिसलं नाही. कऱ्हाड कधी गेलं कळलं नाही. डोळ्यांपुढं एकच चित्र, विश्वजित कुठल्यातरी दगडावरून खाली पाय टाकतोय आणि कंबरपट्टा सुटतोय. खांद्याचे पट्टे शिवलेले होते, ते सुटणार नव्हते. पण कंबरपट्टा गेला की वजन एकदम एका बाजूला जातं, आणि उतारावर माणूस तोल सावरणार कसा? मधेमधे ती फोन लावत होती आणि मौलाभाई पाण्याची बाटली पुढं करत होते.

मेढ्याला पोचायला एक वाजला. तिथून वडापच्या जीपनं वस्तीवर गेले. जीप भरेपर्यंत पाऊण तास गेला. हरणाबाईंचं घर शोधावं लागलं नाही, अंगणात दोन चारचाक्या उभ्या होत्या. हरणाबाई पन्नाशीच्या, काटक, नऊवारी नेसलेल्या. ओसरीवर करवंदं निवडत बसल्या होत्या. शाहजादीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि तुटलेलं बक्कल दाखवलं.

हरणाबाईंनी ते हातात धरलं, परत दिलं. "वर जायला तास लागतोय. तुमाला दीड लागंल. चला."

"तुमच्या कामाचा खोळंबा व्हतोय."

"करवंदं काय पळून जात न्हाईत."

मौलाभाई उठले, तशी शाहजादी त्यांच्याकडं वळली. "तुमी हितंच बसा. वर दम लागला तर मी कुणाकुणाला सांभाळू?"

मौलाभाईंना ते लागलं असणार. पण ते आंब्याखालच्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "सावकाश जा. घाईत पाय मुरगाळला तर कुणाच्याच उपयोगाची न्हाईस."

सव्वादोन वाजले होते. मे महिन्यातलं ऊन. पहिला टप्पा उघडा, पायाखाली मुरूम. शाहजादीच्या पायात साधी चप्पल, हातात पिशवी. दहा मिनिटांत तिच्या पोटऱ्या भरून आल्या. हरणाबाईंनी तिची पिशवी काढून आपल्या डोक्यावर घेतली आणि पुढं चालू लागल्या. "वर बघू नका," त्या म्हणाल्या. "माझ्या टाचंकडं बघत या." शाहजादी त्यांच्या भेगाळलेल्या टाचांकडं बघत चढत राहिली.

अर्ध्या वाटेवर गुंडा नावाचा एक गुराखी भेटला. वरून येत होता. हरणाबाईंनी विचारलं, "गुंडा, माझं पाव्हणं दिसलं का रं वर?"

"लय माणूस हाय आज वर," गुंडा म्हणाला. "एक पोर पडलंय बघा. रडायलंय. माणसं जमल्यात."

शाहजादीनं विचारलं, "पाठीवरचं का चालतं?"

"त्ये काय मी जवळ जाऊन बघितलं न्हाई."

शाहजादी वाटेवरच खाली बसली. तिनं मला सांगितलं, त्या क्षणी मी दुकान बंद केलं होतं. मनातल्या मनात मशिनी विकून टाकल्या होत्या. पुन्हा कुणाच्या पोरासाठी काही शिवणार नाही असं ठरवून टाकलं होतं.

हरणाबाई दोन पावलं मागं आल्या. "बाई, पडलंय म्हंजे काय झालंय ते अजून तुमाला म्हाईत न्हाई, मला न्हाई. हितं बसून कळणार हाय का? उठा."

त्यांनी हात दिला. शाहजादी उठली. पुढची चढण ती कशी चढली हे तिला आठवत नाही. मधे एक उंच कातळाची पायरी लागते, हात टेकून चढावी लागते. ती चढताना तिच्या मनात आलं, इथूनच त्यांना उतरायचंय.

वर पोचल्या तर सडा मोकळा, वारा सुटलेला. देवराईच्या अलीकडं पाच-सहा माणसं जमलेली दिसली. शाहजादी पळतच गेली. मधोमध एक सात-आठ वर्षांचा मुलगा बसला होता. गुडघा फुटलेला, तोंड करवंदांनी जांभळं. पुण्याहून आलेल्या कुठल्यातरी दुसऱ्याच घरचा. करवंदाच्या जाळीत शिरताना घसरला होता. त्याची आई गुडघा धूत होती आणि तो रडायचं थांबून पुढच्या जाळीकडं बघत होता.

शाहजादी हसली आणि तिला रडूही आलं. त्या बाईला काही कळेना. हरणाबाईंनी तिला थोडक्यात सांगितलं आणि शाहजादीला पुढं नेलं.

देवराईत गार होतं. झऱ्याजवळ दोन झाडांना नारंगी छत बांधलेलं. छताखाली सतरंजीवर प्रांजलची साडेतीन वर्षांची राजनंदिनी आणि फरदीनचा मुलगा शेजारीशेजारी झोपले होते. दोघांच्या तोंडावर टोप्या. मदिहा पालापाचोळ्यावर पाय पसरून बसली होती. विश्वजित आणि फरदीन सामान आवरत होते. साडेतीन वाजून गेले होते. अजून अर्ध्या तासानं ते निघाले असते.

प्रांजलनं आधी बघितलं. "भाभी? तुम्ही इथं?"

शाहजादी सतरंजीजवळ गेली, खाली बसली आणि दोन्ही पोरांच्या तळपायांना हात लावला. ऊबदार होते. मग म्हणाली, "पाठुंगळ्या कुठं हायत? आदी त्या दाखवा."

फरदीनची तिनं ओढून, वाकवून बघितली. ठीक होती. विश्वजितची हातात घेतली. कंबरपट्ट्याच्या बक्कलाचा एक दात गेलाच होता. दुसऱ्यावर बुंध्याशी पांढरी रेघ उमटली होती.

विश्वजित वाकून बघत होता. तो हळूच म्हणाला, "कातळाची पायरी चढताना कट्‌ असा आवाज आला होता. मला वाटलं, बाटलीचं झाकण असेल."

मग विश्वजितचा चेहरा बदलला. "भाभी, आम्ही तुमच्या भरवशावर पोरीला आत बसवलं होतं."

"व्हय," शाहजादी म्हणाली. "माजीच चूक हाय. नवीन माल आला, तो ओढून बघायला पायजे व्हता. बघितला न्हाई. म्हनून आले."

विश्वजित झऱ्यापर्यंत गेला, तोंड धुतलं, परत आला. तोवर शाहजादीनं दोन्ही पाठुंगळ्यांची बक्कलं कापून काढली होती. फरदीनची ठीक होती तरी तिनं तीही कापली. जुन्या मालातली दोन काढली, जमिनीवर बसून दाभणानं पट्ट्यात घातली आणि मेणवलेल्या धाग्यानं चौपदरी टाके घातले. प्रांजल शेजारी बसून पट्टा ताणून धरत होती. हरणाबाईंनी तोवर झऱ्याचं पाणी आणून दिलं आणि शाहजादी ते घटाघटा प्यायली.

टाके झाल्यावर विश्वजित म्हणाला, "मी तिला कडेवरच घेऊन उतरतो."

"त्या कातळाशी दोन्ही हात मोकळं लागत्यात," हरणाबाई म्हणाल्या. "कडंवर घेऊन उतरू नगा."

शाहजादीनं पाठुंगळीत झऱ्यातले दगड भरले. पोरीच्या दुप्पट वजन झालं तरी भरत राहिली. मग फरदीनला म्हणाली, दोघं मिळून उचला आणि कंबरपट्टा धरून हिसके द्या. फरदीन दणकट गडी. त्यानं दहा-बारा हिसके दिले, मग चेव आल्यासारखे आणखी दिले. बक्कल हललं नाही. शेवटचा हिसका इतक्या जोरात दिला की तोच मागं पाचोळ्यात बसला. मदिहा हसायला लागली, मग प्रांजल, मग विश्वजितही. दोन्ही पोरं जागी झाली आणि कुणीतरी आपल्याला सोडून गंमत केली म्हणून रडायला लागली.

विश्वजितनं दगड काढले, आतला गाळ झटकला आणि राजनंदिनीला पाठीवर घेतलं. कंबरपट्टा लावताना त्यानं बक्कलाचा आवाज दोनदा करून ऐकला.

उतरायला लागले तेव्हा ऊन कललं होतं. हरणाबाई पुढं, मागं विश्वजित, त्याच्या मागं शाहजादी. ती एक हात पाठुंगळीच्या तळाशी धरून चालत होती. विश्वजित एकदा म्हणाला, "भाभी, हात सोडा, तुम्हीच पडाल." तिनं सोडला नाही. कातळाच्या पायरीशी त्यानं तोंड डोंगराकडं केलं, दोन्ही हात टेकले आणि पाय खाली सोडला. शाहजादी वर गुडघ्यांवर बसून पट्टा बघत होती. पट्टा ताणला, बक्कल तसंच राहिलं. विश्वजित खाली उभा राहिला आणि वर बघून मान हलवली. मग फरदीन उतरला. शेवटी शाहजादीची पाळी आली तेव्हा तिला कळलं, आपल्याला हे उतरता येत नाही. सगळ्यांनी मिळून तिला उतरवलं, विश्वजितनं खालून तिचे पाय धरून दगडावर ठेवले. तिथंच तिच्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट प्रांजलचे बूट घालून उतरली. प्रांजल नुसत्या मोज्यांवर चालली. दोघींचा पाय एकाच मापाचा निघाला, याचं तिला अजून नवल वाटतं.

खालचा मुरमाड टप्पा लागला तसं विश्वजित थांबला आणि तिच्याकडं वळून म्हणाला, "मघाशी मी बोललो ते..."

"बोलायलाच पायजे व्हतं," शाहजादी म्हणाली. "न्हाई बोलला असता तर मला जास्त भ्या वाटलं असतं."

राजनंदिनी टपाखालून हात बाहेर काढून तिचा पदर ओढत होती. शाहजादीनं तो तसाच ओढू दिला.

मौलाभाई बाजेवर नव्हते. ते वस्तीच्या बाहेर, वाट जिथं सुरू होते तिथल्या दगडावर बसले होते. किती वेळ बसले होते कोण जाणे. लांबून माणसं दिसली तशी ते उभे राहिले आणि बोटानं मोजू लागले. मोजून झाल्यावर परत बसले.

"समदी?" ती जवळ आल्यावर त्यांनी विचारलं.

"समदी."

मौलाभाईंनी खिशातला फवारा काढला, दोनदा ओढला आणि मग म्हणाले, "चप्पल कुठं गेली तुजी?"

त्या संध्याकाळी हरणाबाईंनी नाचणीच्या भाकरी थापल्या, वांग्याचं कालवण केलं. प्रांजल आणि मदिहा त्यांच्या हाताखाली होत्या. शाहजादीला कुणी काही करू दिलं नाही. ती ओसरीवर पाय पसरून बसली आणि मदिहानं तिच्या पोटऱ्यांना तेल चोळलं. पोरं अंगणात कोंबडीमागं धावत होती. लाइट परत आली तसा सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. प्रत्येकाच्या फोनवर शाहजादीचे दहा-दहा सुटलेले कॉल. फरदीन वाचून दाखवत होता, आठ वीस, आठ एकवीस, आठ बावीस. तौसीफचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झालं रं. जेवायला बसतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे परत निघायच्या आधी राजनंदिनीनं ओढ्याकडं जायचा हट्ट धरला. वाट सपाट होती, पाच-दहा मिनिटांची. विश्वजित पाठुंगळी उचलायला वाकला, तर शाहजादी म्हणाली, "मी घेऊ का?" अंग ठणकत होतं तरी तिनं पोरीला पाठीवर घेतलं. ओढ्याला पाणी घोट्याएवढंच होतं. जांभळाच्या झाडाखाली ती उभी राहिली आणि पोरीनं तिच्या खांद्यावरून हात काढून पिकलेली जांभळं दाखवली. मौलाभाई काठावर बसून होते. वर चढायचं नव्हतं म्हणून तेही आले होते. त्यांनी काठीनं दोन-चार जांभळं पाडली, फुंकून एक पोरीला दिलं, एक बायकोला.

आष्ट्याला आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते त्या मालातली उरलेली सगळी बक्कलं हातोड्यानं फोडायचं. व्यापारी म्हणाला, परत आणा, बदलून देतो. ती म्हणाली, परत दिली तर तुम्ही दुसऱ्या कुणालातरी विकाल. आता दुकानाच्या आढ्याला एक हूक आहे. शिवून झालेली प्रत्येक पाठुंगळी वाळूचं पोतं भरून तिथं एक अख्खा दिवस टांगलेली असते. येणारं गिऱ्हाईक विचारतं, हे काय. मौलाभाई सांगतात. पोरगं बसायच्या आधी वाळू बसते, एवढंच सांगतात, मेढ्याचं सांगत नाहीत. ते शाहजादी सांगते, आणि स्वतःची चूक लपवून सांगत नाही. गिऱ्हाईक त्यानं तुटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ऐकून झाल्यावर लोक वर टांगलेल्या पोत्याकडं बघतात आणि मापं द्यायला पुढं होतात.

त्या रविवारी परत येताना नवरा-बायको विश्वजितच्या गाडीतून आले. मागच्या सीटवर शाहजादी, मांडीवर झोपलेली राजनंदिनी, शेजारी प्रांजल. सातारा मागं पडायच्या आत शाहजादीलाही झोप लागली. मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून झोपली होती म्हणे. पुढं बसलेले मौलाभाई मधूनमधून मागं वळून बघत होते. कऱ्हाड गेलं, ऊन चढलं. पेठ नाक्याला सगळ्यांना चहाची तलफ आली म्हणून विश्वजितनं गाडी बाजूला घेतली आणि भाभींना उठवू का असं विचारलं.

"नगा उठवू," मौलाभाई म्हणाले. "तिचा चहा हितंच आणा. उठली की पिईल."

चहा गार झाला. ती आष्ट्यातच उठली.